चाळीस वर्षांचा वाटा

१

मालकीणबाईंनी पहिला घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला आणि पेला खाली ठेवला. इतक्या हळू ठेवला की सगळ्या टेबलाला तो आपटल्यासारखा ऐकू आला.

"ही ती नाही," त्या म्हणाल्या.

टेबलाच्या अगदी शेवटच्या खुर्चीवर मामा कोमट दुधाचा ग्लास घेऊन बसले होते. ते या घरातल्या कोणाचेच मामा नव्हते. तळघराची किल्ली सांभाळणाऱ्या मुलीचे मात्र सख्खे मामा होते, आणि एकदा एकीने मामा म्हटलं की सगळं घर म्हणतं. जन्मभर त्यांनी विमा कंपनीसाठी जळालेल्या वस्तू पाहिल्या. गोदामं पाहिली, दुकानं पाहिली, एकदा मोज्यांची अख्खी गिरणी पाहिली, आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट ठरवली: जळलं की जाळलं. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी वाइन, कॉफी, आंबट आणि तिखट बंद केलं. उरलंसुरलं मामींनी बंद केलं. "चाळीस वर्षांची बाटली उघडणार आहे, मामा. प्यायला नको, बघायला तरी या," असं भाची म्हणाली म्हणून ते आले होते. बघायचं काम त्यांना अजून कोणी बंद केलं नव्हतं.

"मला शंका होतीच," परीक्षक म्हणाले.

परीक्षक हे दिवसाचे मानाचे पाहुणे. वाइन चाखणं हाच त्यांचा धंदा. ते ज्या बाटलीला नाक मुरडतील ती बाटली लोक शेजाऱ्यालासुद्धा देत नसत. त्यांनी पेला पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिरका धरला.

"बघा. जांभळी. मधोमध जांभळी आणि काठालाही जांभळीच. चाळीस वर्षांची वाइन काठाला विटेच्या रंगावर येते. आणि हा तुरटपणा! जीभ सोलून काढतोय. ही वाइन तीन वर्षांची असेल, फार तर चार. बाटली जुनी आहे, माल नवा आहे. कोणीतरी मूळची काढून घेतली आणि ही भरून ठेवली."

"कोणी?" मालकीणबाईंच्या चिरंजिवांनी विचारलं. त्यांचं वय चाळिशीला टेकलं होतं, पण आईसमोर प्रश्न विचारताना ते अजून खुर्चीत सरळ बसत.

सगळ्यांनी फक्त एकाच दिशेला पाहिलं. भिंतीशी भाची उभी होती, हातात सुरई पुसायचं फडकं. तिचा चेहरा त्या फडक्यासारखा झाला होता.

मालकीणबाईंनी हात पुढे केला.

"किल्ली."

तळघराची किल्ली तिच्या कमरेला तीन वर्षं होती. ती तिने सोडवली आणि मालकीणबाईंच्या तळहातावर ठेवली.

"परीक्षकसाहेबांची गाडी संध्याकाळी निघेल," मालकीणबाई म्हणाल्या. "तेव्हा तुझी बॅगही दारात असू दे. आणि यापुढे कुठल्या तळघरात तुला कोणी उभं करेल, अशी आशा ठेवू नकोस."

मामांनी दुधाचा ग्लास संपवला. दूध गार झालं होतं. संध्याकाळ फार लांब नव्हती.

२

"ठमे, रडून घेतलंस?"

"घेतलं."

"मग बस. आणि मला काही येत नाही असं समजून सांग."

"तुम्हाला खरंच काही येत नाही, मामा."

"तेच म्हणतोय. सोपं जाईल."

भाचीने नाक पुसलं आणि तळघराच्या पायरीवर बसून सांगायला लागली. बाटली थोरल्या मालकांनी, म्हणजे मालकीणबाईंच्या यजमानांनी ठेवलेली. ते आता नव्हते. त्यांच्या लग्नाच्या वर्षी पीक असं आलं की पुन्हा तसं आलं नाही. बहुतेक मर्लो जातीची द्राक्षं, आधाराला दुसऱ्या जातींची थोडी. मर्लो मऊ असते, फार टिकत नाही, असं लोक म्हणायचे. पण इथली जमीन चिकणमातीची आणि थंड. थोरले मालक म्हणाले, ही चाळीस वर्षं जाईल. दर दहा वर्षांनी एक बाटली उघडायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

"आणि आत काय होतं इतकी वर्षं? नुसती पडून तर असते."

"पडून दिसते. बुचातून हवेचा अगदी कण कण आत जातो. तुरटपणा असतो ना, तो एकमेकांना चिकटत जड होतो आणि खाली बसतो. त्याचा साका होतो. रंगही थोडा त्याच्याबरोबर जातो. म्हणून जुनी वाइन फिकी, विटकरी आणि मऊ. ताज्या फळाचा वास जातो, सुक्या अंजिराचा येतो, चामड्याचा येतो, ओल्या पाचोळ्याचा येतो. आणि थोडी वाइन बुचातूनच उडून जाते."

"म्हणजे कमी होते?"

"सकाळी पाहिलीत की. तुमच्यासमोरच वर आणली."

मामांनी पाहिली होती. सगळ्यांनीच पाहिली होती. मालकीणबाईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरून प्रत्येकाला दाखवली होती. वाइन मानेत नव्हतीच, खांद्याच्याही खाली उतरली होती. "मीही अशीच आटले," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि हसावं की नाही हे कळेना म्हणून सूनबाईंनी टेबल पुसलं होतं.

"बूच कोणी काढलं?"

"मी. सगळ्यांसमोर. मूळचंच होतं. स्क्रू लावताच मधे तुटलं, खालचा तुकडा भुसा होऊनच निघाला. मग दिव्यासमोर धरून हळूहळू सुरईत ओतली. साका मानेपर्यंत आला तशी थांबले. दोन-तीन बोटं बाटलीतच ठेवली."

"रंग?"

"विटेचा, मामा. दिव्याशी मीच होते, बाकीचे लांबून बघत होते. आणि वास..." ती थांबली. "पण मी सांगून काय उपयोग? मी असंच म्हणणार."

"चाखली नाहीस?"

"इथे तसं चालत नाही. किल्ली ज्याच्याकडे, त्याने पहिला घोट घ्यायचा नाही. तो मालकीणबाईंचा. थोरल्या मालकांनीच घातलेला दंडक."

"मग ओतल्या ओतल्या त्यांना का नाही दिलीस?"

"परीक्षकसाहेब म्हणाले, सुरई शेजारच्या वाढपाच्या खोलीत झाकून ठेवा, तासभर मोकळी होऊ दे, तोवर आपण बाग बघू. मी म्हटलं, इतक्या जुन्या वाइनला असं ठेवत नाहीत. नव्या तुरट वाइनला हवा मानवते, हिचा जीव तेवढ्यात जातो. ते म्हणाले, मुली, मी तुझ्या जन्माआधीपासून चाखतोय."

मामा गुडघे धरत उठले. "ती दोन-तीन बोटं अजून बाटलीत असतील. विटकरी असतील तर सगळ्यांच्या तोंडासमोर धरू. चल."

वाढपाच्या खोलीत बाटली होती. खिडकीत, उपडी ठेवलेली. तिच्या तोंडातून पाण्याचा शेवटचा थेंब ओघळत होता. कोणीतरी ती आतून स्वच्छ धुतली होती.

३

"मी धुतली," सूनबाई म्हणाल्या. "का? धुवायची नव्हती?"

चिरंजिवांची ही बायको. घरात काही मळकट दिसलं की तिचा हात आपोआप पुढे होई. पाहुण्यांनी चष्मा काढून ठेवला तर तो परत घेईपर्यंत धुतलेला असे.

"आत काय होतं, आठवतं?" मामांनी विचारलं.

"घाण होती. चहाच्या चोथ्यासारखी, लालसर तपकिरी. दोनदा पाणी घातलं तरी एका बाजूचा डाग गेला नाही. आणि मामा, या घरात माझ्याशिवाय कोणी काही विसळू नये. आज कोणीतरी पाण्याचा जग विसळला आणि मोरीत उपडा घातला. मी जग कधी उपडा घालत नाही, काठाला डाग राहतात."

"कधी दिसला हा जग?"

"बागेतून आत आलो तेव्हा. जेवायच्या आधी."

मामांनी मनातल्या मनात तो जग एका कोपऱ्यात ठेवला. मग खिशातली बॅटरी काढून बाटलीच्या मागे धरली. एका अंगाला, तळापासून खांद्यापर्यंत, काचेला तपकिरी पापुद्रा चिकटला होता. वर्षानुवर्षं आडवी पडून राहिलेल्या बाटलीची खालची बाजू.

"ठमे, हे तीन वर्षांत होतं?"

"छे!"

"छानच निरीक्षण," दारातून आवाज आला. परीक्षक उभे होते. दोन्ही हातांत त्यांनी आपला थर्मास छातीशी धरला होता. "पण त्यातून काय सिद्ध होतं? बाटली जुनीच आहे, हे मीच म्हणालो. चोराने जुनी वाइन ओतून घेतली. पापुद्रा काचेला राहिला, साका तळाशी राहिला. वरून नवी भरली. मग?"

मामांनी विचार केला. खरंच, मग? जळालेल्या गोदामात राख जुनी असते, म्हणून काडी जुनी ठरत नाही.

"बूच," भाची म्हणाली. "भुसा झालेलं बूच काढून परत कसं बसवणार?"

"तुटलेलं आम्ही पाहिलं, पण काढतानाच तू ते दाबून भुगा केला नसशील कशावरून? एकदा काढून परत खुपसलेलं बूच दुसऱ्यांदा मोडणारच." परीक्षक समजुतीने हसले. "मामा, तुमचं वाईट वाटणं मी समजू शकतो. मी बाईसाहेबांना सांगितलंय, गवगवा करायचा नाही. घराची अब्रू आहे. उरलेल्या बाटल्या मी आजच माझ्या गाडीतून घेऊन जातो आणि गुपचूप नाहीशा करतो. भरलेल्या खोट्या बाटल्या घरात ठेवणं बरं नव्हे."

"फुकट नेणार?"

"उपकार म्हणून."

"चहा घेता का?"

"नको. मी फक्त माझीच कॉफी पितो." त्यांनी थर्मासवर हात फिरवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि गेले. जाताना ते बर्फावरून चालल्यासारखे चालत होते.

मामा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. सकाळी हाच थर्मास पट्ट्याने खांद्याला लटकत, कमरेवर आपटत आत आला होता.

"ठमे," ते हळूच म्हणाले, "यांनी आज सकाळपासून किती कॉफी प्यायलेली पाहिलीस?"

भाचीने आठवून पाहिलं. "एकही घोट नाही, मामा."

४

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि घरात आणखी एक माणूस खोटं बोलत होता. सगळे बागेत असताना आपण पडवीत वाचत होतो, असं चिरंजिवांनी दोनदा सांगितलं होतं. कोणी विचारलं नसताना.

मामांनी त्यांना पडवीतच गाठलं.

"काय वाचत होता?"

"पुस्तक."

"कुठलं?"

"जाड."

"चिरंजीव, तुमचं तळघर विकून हॉटेल काढायचं चाललंय असं ऐकतो. आईची बाटली खोटी निघाली तर आईचं मन तळघरातून उडेल. तुम्हाला बरंच पडेल की."

चिरंजिवांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आत कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि खुर्चीखालून एक बाटली काढून मामांच्या हातात दिली. कोल्ड्रिंक होतं. अर्धं संपलेलं.

"मला वाइन आवडत नाही, मामा," ते कुजबुजले. "कधीच आवडली नाही. लहानपणापासून कडू लागते. मी त्यात हे घालतो, रंगात कळत नाही. म्हणून वाढपाच्या खोलीतल्या फ्रिजकडे गेलो होतो. आईला सांगू नका. ती मला घरातून काढेल."

मामांनी आयुष्यात पुष्कळ कबुलीजबाब ऐकले होते. इतका शरमलेला गुन्हेगार त्यांना आठवेना.

"मग दिसलं काय?"

"काही नाही. आत कोणीतरी होतं. नळ चालू होता, भांड्याचा आवाज येत होता. मला वाटलं आई आहे. म्हणून मी कपाटामागे लपलो."

"या वयात?"

"तुम्ही आईला ओळखत नाही. माझी चाहूल लागली असावी, नळ एकदम बंद झाला. पलीकडच्या दाराने कोणीतरी घाईघाईने गेलं. मी डोकावलो तर सुरई झाकून जागच्या जागी, आणि मोरीत जग उपडा."

"बाई की पुरुष?"

"मी डोळे मिटले होते."

आत मालकीणबाईंचा आवाज आला. त्या परीक्षकांना विचारत होत्या, उरलेल्या बाटल्या गाडीत आडव्या ठेवायच्या की उभ्या. म्हणजे बाटल्या तळघरातून वर यायला लागल्या होत्या.

५

मालकीणबाई जेवणघरात एकट्या बसल्या होत्या. समोर किल्ली. टेबल कोणी आवरलं नव्हतं. पहिल्या घोटानंतर जेवण मोडलं ते मोडलंच. पेले तसेच भरलेले, सुरईत उरलेली वाइन तशीच.

"भाचीची रदबदली करायला आलात?"

"नाही. मला वाइनमधलं कळत नाही. आधीच्या बाटल्या कशा होत्या ते विचारायला आलो."

त्या किल्लीशी बोलल्यासारख्या बोलायला लागल्या.

"दहाव्या वर्षी उघडली तेव्हा आमचं रोज वाजायचं. वाइनही तशीच. आलुबुखार होतं, पण मुठी वळून उभं. हे म्हणाले, थांब जरा. विसाव्या वर्षी दोघंही बरे वागायला लागलो होतो. ती पण. मखमलीसारखी. तिसाव्या वर्षी अंजीर, तंबाखूची पेटी, पावसात भिजलेलं रान. हे म्हणाले, चाळिसाव्याला काय होईल सांगू? मी म्हटलं, सांगू नका, तेव्हा बघू." त्या थांबल्या. "बघायला ते राहिले नाहीत. मी एकटीने दहा वर्षं वाट पाहिली, मामा. आणि त्या पोरीने मला तीन वर्षांची शाई पाजली."

"बाईसाहेब, बूच काढल्यापासून पहिल्या घोटापर्यंत ती पोरगी कुठे होती?"

"माझ्याजवळ. माझे गुडघे कामातून गेलेत. तासभर तिच्या दंडाचा आधार घेऊन बागेत फिरत होते. परीक्षकसाहेब पुढे, एकटेच वेली बघत होते. पण त्याचा काय संबंध? चोरी तर तळघरात झाली. महिन्यापूर्वी, वर्षापूर्वी, कधीही."

"तेवढंच तपासायचं आहे," मामा म्हणाले. "मला ती धुतलेली बाटली, एक नरसाळं आणि घरातली सगळी माणसं हवीत. परीक्षकांसकट. बाटल्या गाडीत चढायच्या आधी."

सगळे जमले. परीक्षक दाराजवळच उभे राहिले, थर्मास काखेत.

"मला निघायला हवं."

"लगेच होईल. ठमे, सुरईत उरलेली आणि सगळ्यांच्या पेल्यांतली वाइन परत या बाटलीत ओत. सांडू नको."

"हा काय पोरखेळ?" परीक्षक म्हणाले.

भाची ओतायला लागली. एक पेला, दुसरा, तिसरा. चिरंजिवांच्या पेल्यात अजून काही मिसळायची वेळ आली नव्हती, तोही गेला. बाटलीच्या हिरव्या काचेतून काळी रेघ वर चढत होती. पोट भरलं. रेघ खांद्याला लागली. खांदा ओलांडला. खोलीत फक्त नरसाळ्याची गुळगुळ ऐकू येत होती. रेघ मानेत शिरली, पार वरपर्यंत गेली, आणि भाचीचा हात थांबला.

"मावत नाही, मामा."

सुरईच्या तळाशी अजून वाइन होती.

६

"सकाळी ही बाटली आपण सगळ्यांनी उजेडात पाहिली," मामा म्हणाले. "वाइन कुठपर्यंत होती?"

"खांद्याच्या खाली," सूनबाई म्हणाल्या. "आणि तळाची दोन-तीन बोटं मी फेकली, ती वेगळीच."

"शिवाय प्रत्येकाने घोट घेतला, तो वेगळा. म्हणजे बाटलीत होती त्याहून जास्त वाइन बाटलीतून निघाली. चोराने तळघरात जुनी काढून नवी भरली असती, तरी सकाळी खांद्याखाली होती तेवढीच सुरईत आली असती. नवी, जुनी, कसलीही असो. बाटली व्यायली तर नाही ना?"

सूनबाईंनी बाटलीचा तळ पाहिला.

"चाळीस वर्षांनी बुचातून आपला वाटा आधीच घेतला होता. ज्याने अदलाबदल केली त्याच्याकडे अख्ख्या बाटलीहूनही जास्त नवी वाइन होती, आणि ती त्याने सगळी ओतली. बाटलीत नव्हे. सुरईत. बूच काढल्यानंतरच्या त्या तासात."

मालकीणबाई खुर्चीत हळूहळू सरळ झाल्या. "त्या तासात ही माझा दंड धरून होती."

"हो. आणि चिरंजीव पडवीत जाड पुस्तक वाचत होते." चिरंजिवांनी मामांकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं की त्या नजरेवर कोणी कर्ज दिलं असतं. "पण त्यांनी वाढपाच्या खोलीतला नळ ऐकला. कोणीतरी घाईत होतं. सुरईतली जुनी वाइन आधी पाण्याच्या जगात. बरोबर आणलेली नवी सुरईत. मग आणलेलं भांडं विसळून जुनी त्यात. नवी जरा जास्त होत होती, ती मोरीत टाकायला हवी होती. तेवढ्यात पावलं वाजली आणि ते राहून गेलं. जग मात्र सवयीने उपडा घातला."

"भांडं?" मालकीणबाईंनी विचारलं. "कसलं भांडं?"

मामा आरामात बसले. "त्याचं बघू. आधी कोणीतरी चहा टाका. ठमे, एक सांग. इतकी जुनी वाइन बूच काढल्यावर जगते किती?"

भाचीने मामांकडे पाहिलं. मग तिला समजलं. "फार नाही. आता उतरायलाच लागली असेल. भांडं पूर्ण भरलेलं नसेल, वर हवा असेल, तर आणखी लवकर. आधी अंजीर जाईल. मग पाचोळा. मग नुसतं आंबट पाणी."

"अरेरे. असो, घाई नाही. मी तुम्हाला त्या मोज्यांच्या गिरणीची गोष्ट सांगतो. लांब आहे, पण मजेशीर आहे."

आणि मामांनी खरंच गोष्ट सुरू केली. गिरणीचा मालक, मालकाचा मेहुणा, मेहुण्याची पहिली बायको. चहा आला. मामांनी तो गार होऊ दिला, कारण त्यांना तो चालत नव्हता. मेहुण्याच्या दुसऱ्या लग्नापर्यंत ते आले तेव्हा परीक्षकांच्या कपाळावर घाम होता. घड्याळाचा लंबक हलला की त्यांची पापणी हलत होती. डाव्या पायाचे मोजे आधी पेटले की उजव्या, या मुद्द्यावर मामा रेंगाळले.

"बास करा!" परीक्षक ओरडले. "मरतेय ती!"

परीक्षकांनी थर्मास टेबलावर ठेवला. अगदी हळू, जराही न हलवता.

"पेले आणा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पातळ काचेचे. लवकर."

"सकाळी तो कमरेवर आपटत आला," मामा भाचीला म्हणाले. "दुपारी तान्ह्या बाळासारखा छातीशी. कॉफीला कोणी इतकं जपत नाही."

"त्याला कॉफी कधी लागलीच नाही," परीक्षक म्हणाले. "नवा घेतला. कॉफीचा वास लागलेल्या भांड्यात ही कशी घालणार?"

"मोरीत ओतली असती तर तुम्हाला कोणी पकडलं नसतं."

परीक्षकांनी मामांकडे असं पाहिलं, जणू मामांनी माणूस मोरीत ओतायला सांगितला होता. "उरलेल्या बाटल्या मिळाल्या असत्या, हे ठीक आहे. पण ही? अशी मी पुन्हा कुठे बघणार होतो? फेकवली नाही. हातच उचलेना."

भाचीने पेल्यांत वाइन ओतली. विटेसारखी, काठाला फिकट नारिंगी. चिरंजीवसुद्धा पुढे वाकले. पहिला पेला तिने मालकीणबाईंसमोर ठेवला.

मालकीणबाईंनी तो उचलला, वास घेतला, डोळे मिटले. मग पेला परत तिच्याकडे सरकवला.

"आज पहिला घोट किल्लीवालीचा."

"पण बाईसाहेब, इथला दंडक..."

"ते असते तर त्यांनीच मोडला असता. घे."

भाचीने घोट घेतला. तिचे खांदे सकाळपासून पहिल्यांदाच खाली आले. मग मालकीणबाईंनी घेतला.

"यालाही द्या," त्या परीक्षकांकडे न बघता म्हणाल्या. "याने फेकली असती तर आपल्याला कुठली मिळाली असती? पण फुकट नाही. काय लागतंय ते खरं खरं, मोठ्याने सांगायचं. आणि इथून गेल्यावर, जिथे जिथे या पोरीचं नाव खराब करणार होता, तिथे तिथे हेच सांगायचं."

परीक्षकांनी पेला दोन्ही हातांनी धरला.

"अंजीर आता मागे गेलंय," ते म्हणाले. "जुन्या लाकडी पेटीचा वास आहे. ओली माती, अळंबी. तुरटपणा राहिलाच नाही, नुसता मऊ स्पर्श उरलाय, कोणी हात हातात घेतल्यासारखा. थोडी थकलीय, ती माझ्यामुळे. पण चाळीस वर्षांची आहे. शंभर टक्के खरी. जिने सांभाळली तिने... चोख सांभाळली."

"हं," मालकीणबाई म्हणाल्या. "हे असंच काहीतरी सांगणार होते ते." आणि टेबलावरची किल्ली उचलून त्यांनी भाचीच्या हातात ठेवली. "त्या बाटल्या खाली ने. होत्या तिथे, होत्या तशा आडव्या. हा माणूस फाटकाबाहेर गेल्यावर दोनदा कुलूप लाव."

परीक्षक थर्मास न घेताच गेले. सूनबाईंचा हात त्याच्याकडे निघाला होता. चिरंजिवांनी तो मधेच धरला. त्यांच्या स्वतःच्या पेल्यातली वाइन, कशाचीही भर न घालता, संपली होती. याचं त्यांनाच जास्त आश्चर्य वाटत होतं.

भाची बाटल्या उचलायला गेली. मामांनी इकडेतिकडे पाहिलं. मामी घरी होत्या. मामांनी भाचीचा रिकामा पेला उचलला, नाकाशी धरला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

वासाबद्दल डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं.